हिरव्यावर लाल

आमचं घर म्हणजे एक माग, आणि मागातून उरलेल्या जागेत आम्ही चौघं. बाबा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचे, माय भिंतीला टेकून चरख्यावर कांड्या भरायची, आणि मी व धाकटी बहीण जिथे जागा सापडेल तिथे अभ्यास करायचो. खट्‌-खटाक्, खट्‌-खटाक् असा आवाज सकाळी सुरू झाला की दुपारच्या जेवणालाच थांबायचा. तो थांबला की गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "चला वं, रत्नाचे बाबा जेवाले उठले, आपणही भात टाकू." लोकांना घड्याळाची सवय असते, आमच्या गल्लीला बाबांच्या सूत घेऊन पळणाऱ्या धोट्याची होती. मला तर त्या आवाजातच झोप यायची, आणि मामाच्या गावी गेले की शांततेने जाग यायची. जेवायला बहुतेक वेळा वरण-भात, वांग्याची भाजी, आणि भिवापूरच्या मिरचीचा ठेचा. बाबांना ठेचा नसला तर जेवल्यासारखं वाटायचं नाही. रविवारी मटणाचा रस्सा असायचा, काळा, तेल सुटलेला. तो खाताना बाबा घामाघूम व्हायचे आणि तरी म्हणायचे, "आज जरा फिकाच झाला वं." माय त्यावर नुसती अजून एक पळी वाढायची.

आमच्या घरी सुताच्या लड्यांना गाठी असायच्या. लाल लडीला एक गाठ, हिरव्या लडीला दोन. बाकी रंगांना काही नाही. माय हे काम सगळ्यात आधी करायची, लड्या रंगवून आल्या की आंघोळीच्याही आधी. मला वाटायचं, सगळे विणकर असंच करतात. मी नऊ-दहा वर्षांची असताना बाहुलीचे केस करायचे म्हणून एकदा पाच-सहा लड्यांच्या गाठी सोडल्या आणि विसरून गेले. त्या दिवशी बाबांनी हिरव्या काठात वीतभर लाल विणलं. शेजारचे काका सहज डोकावले आणि हसले, "काय गा, नवीन नमुना काढला का?" बाबांचा हात थांबला. ते काठाकडे पाहत राहिले. त्यांना तिथे काहीच वेगळं दिसत नव्हतं, हे आज मला कळतं. माय चरखा सोडून उठली आणि म्हणाली, "माझंच चुकलं भाऊजी, मीच उलट्या लड्या देल्या." काका गेल्यावर तिने मला मागच्या अंगणात नेलं. मारलं नाही. म्हणाली, "तुह्या बाबाले गडद-फिकं सगळं समजते, पण लाल आन हिरवं एकाच तेजाचं असलं का दोन्ही सारखेच दिसतात त्याले. हे घराबाहेर बोलाचं नाई. विणकराले रंग दिसत नाई म्हटलं तर काम कोण देईन?" मी मान हलवली. बाबांशी ह्या विषयावर घरात कोणीच, कधीच बोललं नाही. त्यांना माहीत होतं की आम्हाला माहीत आहे, आणि तेवढ्यावर घर चाललं.

मायने मला आणखी एक गोष्ट शिकवली होती. दोन रंगांचं तेज सारखं आहे की नाही हे पाहायचं असेल तर डोळे अर्धे मिटायचे. पापण्यांमधून पाहिलं की रंग मागे पडतो आणि नुसता उजेड-अंधार उरतो. दोन लड्या शेजारी धरून डोळे बारीक केले आणि मधली रेघ पुसली गेली, तर समजायचं, ह्या दोन लड्या बाबांच्या हाती गाठीशिवाय द्यायच्या नाहीत. मी ह्यात मायपेक्षा तरबेज झाले. माय म्हणायची, "पोरीचा डोळा हाय." मला त्याचा फार गर्व होता. खोटं कशाला सांगू, अजूनही साडीच्या दुकानात गेले तर असतो.

बारावी झाली, आणि पुढे कॉलेजचं जमेना, म्हणून मी नागपूरच्या महाल भागातल्या एका कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये जाऊ लागले. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे चप्पल बाहेर काढून आत जायचं. खोलीत पडदे लावलेले, एक कुरकुरणारा एसी, आणि सात मशीनी. सहांचे पडदे एकरंगी होते, काळ्यावर पिवळट अक्षरं. सातवं मशीन रंगीत. त्याच्यावर सर स्वतःच्या हाताने धुळीचं कापड घालत. आम्ही जे शिकत होतो त्यात काय व्हायचं, की पडद्यावर डावीकडे एक ठिपका यायचा. त्या ठिपक्यासमोर आपण हुकूम लिहायचा, एन्टर दाबायचं, आणि मशीन तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. चुकलं तर 'टुक' वाजायचं आणि खाली चुकीची ओळ यायची. पुन्हा ठिपका. माणसाशी बोलल्यासारखं होतं ते सगळं. मला फार आवडलं. त्यातही 'सेट कलर टू' हा हुकूम कळला तेव्हा तर मी दोन दिवस दुसरं काही शिकलेच नाही. अक्षराचा रंग अमुक, जमिनीचा रंग तमुक, कडेचा वेगळा. डब्ल्यू म्हणजे पांढरा, बी म्हणजे निळा, आर लाल, जी हिरवा. पुढे अधिकचं चिन्ह लावलं की तोच रंग भडक. मी म्हटलं, अरे, हे तर आमचंच काम! अंग, काठ आणि पदर. सर हसायचे, "रत्ना, तू प्रोग्राम लिहून राहिली का लुगडं विणून राहिली?"

माझी धाकटी लेक आता पुण्याला इंजिनीयरिंग शिकते. दिवाळीत आली होती तेव्हा तिच्या लॅपटॉपवर काळ्या पडद्यात असंच काहीसं चाललेलं दिसलं. ओळ लिहायची, एन्टर, लगेच उत्तर. मी म्हटलं, "हा तर आमचा ठिपकाच हाय वं." तिने मला रंगांची यादी दाखवली. तयार रंगसंगतींची नावं होती, हवी ती निवडायची, नाही आवडली तर एकेका शब्दाचा रंग आपण ठरवायचा. त्या यादीत एक होती रंगांधळ्या माणसांसाठी. मी तिला विचारलं, "हे कोणी केलं?" ती म्हणाली, "असंच गं आई, कोणीतरी केलं असेल. त्यात काय?" मी चहा ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले.

तर, विलास. तो क्लासमध्ये माझ्याच बरोबरचा, तिथून दोन गल्ल्यांवर राहणारा. वडील नव्हते, आई वाळवणाचं करायची, सांडगे-कुरड्या घरोघर द्यायची. बोलायला लाजाळू, पण ठिपक्यासमोर बसला की बोटं अशी चालायची की सरही मागे येऊन उभे राहत. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. रंगीत मशीनवर बसायची त्याची पाळी आली की तो ती कुणाला तरी देऊन टाकायचा. "तू बस, मले ह्याच्यावरच जमते." सगळ्यांना तो दिलदार वाटायचा. मग एकदा मधल्या सुट्टीत आम्ही पायरीवर डबा खात बसलो होतो आणि समोर बोरंवाली आली. विलासने बोरं घेतली, पण निवडताना एकेक बोर दोन बोटांत दाबून पाहिलं. रंगाकडे बघितलंच नाही. बाबा टमाटे अगदी असेच घ्यायचे. माझ्या तोंडून निघून गेलं, "विलास, तुले लाल-हिरवं नाई समजत ना?"

त्याच्या हातातली बोरं पायरीवरून घरंगळत खाली गेली. "तुले कोणं सांगतलं?"

"कोणी नाई. मले दिसलं."

तेव्हा त्याने सगळं सांगितलं. रेल्वेत त्याची निवड झाली होती, पण डोळ्यांच्या तपासणीत ठिपक्या-ठिपक्यांचं पुस्तक समोर ठेवलं आणि त्यातला एकही आकडा त्याला वाचता आला नाही. घरी त्याने सांगितलं की लेखी परीक्षेतच नापास झालो. "माय म्हणन, पोरात खोट हाय. तिले ते सहन नाई व्हाचं. रत्ना, कोणाले सांगजो नको."

"मायची शपथ, नाई सांगत," मी म्हटलं. त्याच वेळी मी म्हणू शकले असते, माझे बाबाही असेच आहेत, आणि त्यांनी अख्खा जन्म रंगातच काढला. त्या पोराला किती धीर आला असता. मी नाही म्हटलं. घरची गोष्ट घरात ठेवायची सवय होती, हे एक. आणि दुसरं असं, की त्याचं गुपित माझ्याकडे आणि माझं माझ्याकडेच, हे मला बरं वाटलं.

पावसाळा संपता संपता सरांनी सांगितलं की धंतोलीतल्या एका दवाखान्याने कॉम्प्युटर घेतला आहे, पेशंटची नोंद ठेवायला एक जण हवा आहे. एकच. दवाखान्याच्या मॅनेजरबाई शनिवारी येणार, दोघांचं काम पाहणार, आणि तिथेच सांगणार. दोघं म्हणजे विलास आणि मी. क्लासमधल्या पोरी म्हणाल्या, "रत्ने, तू कायले जाऊन राहिली वं? विलासच लागते तिथं." आणि खरंच होतं ते. पिवळट पडद्यावर सरांनी आमची दोनदा चाचणी घेतली, दोन्हीदा तो पुढे. मला ती नोकरी किती हवी होती हे आज सांगून पटायचं नाही. मामाने हिंगण्याच्या कारखान्यातला एक मुलगा पाहून ठेवला होता, मला नोकरी लागली तर गोष्ट पुढे ढकलता आली असती. पण हे कारण मी नंतर शोधून पुढे करते आहे. त्या वेळी मला फक्त जिंकायचं होतं.

शुक्रवारी दुपारी सर म्हणाले, "बाई येणार, तर काम रंगीत मशीनवरच दाखवू. रत्ना, रंग तू लावून ठेव, तुले समजते त्यातलं." सुरुवातीची एक फाईल असायची, तीत रंगाची ओळ लिहून ठेवली की मशीन चालू होतानाच ते रंग यायचे. मी आधी निळ्यावर पिवळं लावलं. छान दिसत होतं, कुणालाही वाचता येईल असं. मग मी हिरव्यावर लाल लावून पाहिलं. मनाला म्हटलं, नवरीच्या लुगड्याचे रंग आहेत, करून तर पाहू. पहिला लाल मंद होता, हिरव्यावर काळपट दिसला. मंद लाल विलासने वाचला असता. गडद-फिकं त्याला कळत होतं, जसं बाबांना कळायचं. म्हणून मी अधिकचं चिन्ह लावलं. लाल भडक झाला. आणि मग मी खुर्ची मागे सरकवली आणि डोळे अर्धे मिटले. अक्षरं हिरव्यात बुडून गेली. पडदा कोरा.

ह्या डोळे मिटण्यामुळेच मी म्हणते की चूक नव्हती. चूक असती तर मी तपासलं नसतं. ओळ फाईलीत लिहिली, मशीन बंद केलं, सरांचं कापड नीट घातलं आणि घरी आले.

शनिवारी मॅनेजरबाई आल्या, जाडसर, हसऱ्या, हातात पर्स गच्च धरलेल्या. सरांनी विलासला आधी बसवलं. त्याने पांढरा शर्ट घातला होता, कडक इस्त्रीचा. मशीन चालू झालं, पडदा हिरवा झाला, आणि विलास नुसता बसून राहिला. मग त्याने टाइप केलं. टुक. पुन्हा केलं. टुक. त्याची बोटं ठिपका शोधत होती, आणि ठिपका त्याच्या नाकासमोर होता.

सर म्हणाले, "काय झालं गा, घाबरला का? समोर लिहून येऊन राहिलं ना, वाच की!"

पोरी हसल्या. मीही हसले. विलासने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही हो, रागाने पाहिलं असतं तर आज मला सोपं गेलं असतं. त्या खोलीत त्याची गोष्ट माहीत असलेली मी एकटीच होते, म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. अगदी हळू म्हणाला, "रत्ना, रंग बदलून दे ना जरा."

एक हुकूम होता. दहा-बारा अक्षरं. मी मोठ्याने म्हटलं, "काहून? चांगले तर दिसून राहिले."

"हो ना," मॅनेजरबाई म्हणाल्या, "किती सुंदर दिसताहेत."

विलास उठला. "डोळे आले वाटते मले, सर," म्हणाला, आणि चपला हातातच घेऊन जिना उतरला. मग मी बसले आणि सगळं न चुकता केलं. बाई म्हणाल्या, सोमवारपासून या.

घरी मायने गोळाभात केला. बेसनाचे गोळे भातात शिजवलेले, वरून कडकडीत तेल. आमच्याकडे सणाला व्हायचा तो. बाबांनी माग लवकर थांबवला, तर शेजारची काकू विचारायला आली की तब्येत बरी ना. "पोरीले नोकरी लागली," बाबा दारातूनच ओरडले. जेवताना म्हणाले, "सांग आता, पहिल्यापासून सांग." मीही सांगत सुटले. मशीन कसं, बाई कशा, आणि रंग मी लावले ते. "हिरवी जमीन बाबा, आन लाल अक्षरं."

वाढता वाढता मायचा हात हवेतच राहिला.

"आन तो पोरगा?" बाबांनी विचारलं. "तो तर तुह्याहून हुशार म्हणत होती."

"त्याचे डोळे दुखून राहिले होते म्हणे."

बाबांनी घास खाल्ला. पाणी प्याले. मग विचारलं, "लाल कोणता होता? गडद का भडक?"

असा प्रश्न अख्ख्या नागपुरात दुसऱ्या कोणी विचारला नसता. मी खाली मान घालून म्हटलं, "भडक."

"तुले माहीत होतं त्याचं?"

मी ताटातला गोळा बोटांनी फोडत राहिले. बाबांनी ताट संपवलं, बोटं चाटून, एक शीत न सोडता, जसं ते नेहमी संपवायचे. हात धुऊन परत येऊन बसले. "मले बी नसतं दिसलं," ते म्हणाले.

"अवो..." माय म्हणाली.

"राहू दे. तिले माहीत हाय. मले बी माहीत हाय का तिले माहीत हाय." मग माझ्याकडे वळले. "उद्या जाय त्याच्या घरी. सांगून ये का हे मी मुद्दाम केलं. नोकरी ठेव का सोड, ते मंग पाहू. आधी सांगून ये."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. विलासची आई अंगणात सांडगे घालत होती. मला पाहून हात धुतले, खाट टाकली, माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुले लागली म्हणे नोकरी. बरं झालं माय. आमच्या विलासचं तर नशीबच पाहा, ऐन वक्ती डोळे आले. कालपासून गुलाबपाणी टाकून राहिली मी." विलास आतून आला. डोळे ओले, पापण्यांना गुलाबपाणी लागलेलं. एकदम धडधाकट डोळे, आणि तो आईसाठी ते मुकाट्याने टाकून घेत होता. तिच्यासमोर बोलणं शक्य नव्हतं, हे मला फारच सोयीचं झालं. तिने चहा दिला, तो मी प्यायले.

तो मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. तेवढ्या वाटेत कोणी नव्हतं. मी मनात वाक्य जुळवलं होतं. तोच आधी बोलला.

"तू सांगतलं नाई ना कोणाले?"

"नाई."

"बस मंग," तो म्हणाला. "मले वाटलं होतं, सर विचारतीन, तू सांगून देशीन. तुह्या जागी दुसरी कोणी असती तर सांगतलं असतं." आणि हसला. त्याला वाटत होतं, रंग असेच पडले. मी म्हटलं, "येते." एवढंच म्हटलं आणि रिक्षाही न करता घरापर्यंत चालत आले.

बाबा मागावर होते. मला पाहून धोटा हातात धरून थांबले. "सांगतलं?"

"हो."

"काय म्हणे?"

ह्याची मी तयारीच केली नव्हती. "जाऊ दे म्हणे," मी म्हटलं.

बाबांचा चेहरा असा सुटला, जणू माफी त्यांनाच मिळाली होती. "भला पोरगा हाय," ते म्हणाले, "मोठ्या मनाचा हाय. एक दिवस त्याले जेवाले बोलाव, मी बोलीन त्याच्याशी." पहिल्यांदा कुणाशी तरी ते स्वतःच्या डोळ्यांबद्दल बोलणार होते. मी तो दिवस पुढे ढकलत राहिले. त्याला वेळ नाही, तो गावी गेला आहे. शेवटी एकदा म्हणून टाकलं की त्याला पुण्यात नोकरी लागली, तो तिकडेच गेला.

दवाखान्यात मी बावीस वर्षं काम केलं, चांगलं केलं असं लोक म्हणतात. माझ्या लग्नात बाबा मांडवाच्या दाराशी उभे होते, डोक्याला फेटा, येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत. मध्येच माझ्याजवळ आले आणि वाकून विचारलं, "तो पुण्याचा पोरगा आला का वं?"

"पत्रिका पाठवली होती बाबा."

"लांब पडते त्याले," बाबांनीच त्याची बाजू घेतली, आणि परत दाराशी जाऊन उभे राहिले. विलास महालात होता, त्याच घरात. मांडवापासून सायकलने दहा मिनिटं.